सांवळ्या वर्णाचा मान



मुलगी पाहावयास येणारे प्रथम तिचा रंग पाहतात, आणि ती बिचारी आरशापुढें स्वतःस उणी लेखूं लागते. या उणेपणाचा व्यापारही झाला. ‘फेअर अँड लव्हली’ हें मलम १९७५ सालीं बाजारांत आलें. २०२० सालीं त्याच्या नांवांतून गोरेपणाचा शब्द गेला. आपल्या मनांतून गेला काय?

पवित्र शास्त्रांतील ‘गीतरत्ना’ची वधू द्राक्षमळे राखतां राखतां उन्हानें काळवंडली होती, तरी ती स्वतःस सुंदरच म्हणते. आपल्या नागपूरच्या उन्हांत संत्र्याच्या बागेंत राबणाऱ्या भगिनीचा वर्णही तितकाच मानाचा आहे.

मातांनो, मुलासाठीं स्थळ पाहतांना ‘गोरी हवी’ ही अट वगळा. आणि आपल्या सांवळ्या लेकीस ती सुंदर आहे, असें आजच सांगा.