फियाट, दादा आणि स्पितीचा रस्ता
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘माहिती तंत्रज्ञानातील माझी वाटचाल’. ती वाटचाल म्हणजे वीस-बावीस वर्षं खुर्चीत बसून राहणं आहे, तिच्यावर वीस मिनिटं काय बोलणार? सकाळपासून मला ज्याने त्याने एकच विचारलं, “ती फियाट घेऊन तू खरंच हिमालयात गेली होतीस का गं?” म्हणून त्याबद्दलच बोलते. संयोजकांनी रागावू नये.

ती गाडी तुमच्यापैकी निम्म्यांना माहीत आहे. फियाट ११०० डिलाइट, १९६६ ची. आमच्या दादांनी ती १९८९ साली बारामतीच्या एका डॉक्टरांकडून घेतली. दादा साखर कारखान्यात फिटर. फिटरच्या पगारात गाडी म्हणजे लोकांना नवल वाटायचं, पण ती बंद पडलेली होती आणि लोखंडाच्या भावात मिळाली होती. पुढची दोन वर्षं ती आमच्या गोठ्यात विटांवर उभी होती. ती चालू झाल्यावर पालखी सणसरला मुक्कामाला आली की दिंडीतल्या पाय सुजलेल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेणं हे तिचं ठरलेलं काम. आणि बेलवाडीच्या रिंगणाच्या गर्दीत बंद पडणं हेही ठरलेलंच. धक्का मारणारे चौघे आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत, नावं घेत नाही.

या गाडीचं आपल्या भागाशी एक नातं आहे. जंक्शनवरून वळलं की वालचंदनगर. ज्या वालचंद हिराचंदांनी तिथल्या माळावर साखर कारखाना उभा केला, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला मोटारीचा कारखाना घातला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी आणि मग इटलीच्या फियाटशी करार. १९६४ साली डिलाइट आली आणि पुढे सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपली म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. ती बातमी दादांनी मला फोनवर वाचून दाखवली. वाचून झाल्यावर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आपली अजून चालू आहे. एकदा लांब जाऊन येऊ.”

लांब म्हणजे मला वाटलं गाणगापूर. दादांच्या मनात स्पिती होतं. कारखान्यात त्यांच्याबरोबर हिमाचलचा एक वेल्डर होता, त्याने चाळीस वर्षांपूर्वी कुंझुम खिंडीचं वर्णन केलं होतं आणि ते यांच्या डोक्यात बसलं होतं. दादांचं वय तेव्हा ७५.

जुन्या गाड्या लांब जातात, त्यात नवल नाही. १९०७ साली पेकिंगहून पॅरिसला पाच गाड्या निघाल्या होत्या, वाटेत रस्ता नसेल तिथे त्या माणसांनी ओढून नेल्या. त्याच २०२३ मध्ये अहमदाबादचं ठाकोर कुटुंब १९५० ची एमजी वायटी घेऊन थेट इंग्लंडला, ती गाडी जिथे बनली त्या अबिंगडन गावी पोचलं होतं. पण दरवेळी प्रश्न तोच, की गाडी मूळची ठेवायची की सुधारायची? यावर आमच्या घरात पाच महिने भांडण चाललं होतं.

आधी कायद्याचं सांगते, कारण तुमच्यापैकी काहींच्या शेडमध्ये जुन्या जीपा आहेत. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांच्या वरची आणि मूळ स्वरूपातली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. मात्र ती प्लेट लावली की गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला जाणं, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. मान मिळतो आणि गाडी बसते. दादांना बसलेली गाडी नको होती. म्हणून आम्ही साधी नोंदणीच चालू ठेवली. दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी, पर्यावरण कर, सगळं रीतसर. इंजिन, चासी, बॉडी यांना हात लावायचा नाही हे तिथेच ठरलं, कारण त्यात फेरफार केले की नोंदणीच अडचणीत येते.

उरलं ते बाकीचं. मला निम्मी गाडी नवी करायची होती. दादांनी एकच अट घातली, “जे लावशील ते एका दिवसात काढून जुनं परत बसवता आलं पाहिजे. कुठेही कापायचं नाही, वेल्डिंग मारायचं नाही.” मी ऑफिसात पंचवीस वर्षांचं जुनं प्रोग्रामिंग सांभाळते. तिथे हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि पाळत कुणी नाही. फिटर माणसाला तो कुणी शिकवलेला नव्हता.

ती गाडी लहानपणापासून घाटात का बंद पडायची, हे आधी शोधलं. सगळे म्हणायचे इंजिन तापतं. मी एक छोटा बोर्ड आणि चार सेन्सर लावले आणि मे महिन्यात वरंधा घाट चढले. इंजिनाचं पाणी ९० अंशांच्या आत होतं. तापत होती ती इंजिनाला खेटून असलेल्या पंपाची नळी, तिथे ६० अंश! नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकायचे ते यासाठी. आम्ही मागे टाकीजवळ विजेचा पंप बसवला. तो तिथून पेट्रोल दाबाने ढकलतो, त्यामुळे वाफेला जागाच राहत नाही. खर्च नवीन टायरच्या जोडीपेक्षा कमी. तीस वर्षांचे धक्के, वर्गमित्रांनो, एका पंपाने वाचले असते.

मग पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. रेडिएटरला विजेचा पंखा. मागचे पाटे उतरवून एकेक पान जास्तीचं घातलं, इंजिनाच्या चेंबरखाली जाड पत्र्याची ढाल बोल्टने लावली. पुढे डिस्क ब्रेक मला हवे होते, पण ते बसवायला कापावं लागत होतं, म्हणून राहिले. नवे लायनर आणि ब्रेक बूस्टर यावर भागवलं. सगळ्यात मोठं भांडण डायनॅमोवरून झालं. मूळचा डायनॅमो काढून अल्टरनेटर लावायचा म्हटल्यावर दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तो डायनॅमो त्यांनी स्वतःच्या हाताने तीनदा भरला होता. मी त्यांना व्होल्टेजचा आलेख दाखवला, की गाडी हळू चालली की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, दिवे बॅटरीवर जळतात. ते म्हणाले, “मग हळू चालवू नको.” शेवटी आईने निकाल दिला. डायनॅमो फडक्यात गुंडाळून डिकीत बरोबर न्यायचा.

चाचणीला स्पिती कशाला हवी, आपल्याकडे हंगाम चालू होता. उसाच्या दोन-दोन ट्रेलरच्या ट्रॅक्टरांनी काळ्या रानातल्या रस्त्याला ज्या चाकोऱ्या पाडलेल्या असतात, त्यातून आणि डाव्या कालव्याच्या भरावावरून महिनाभर गाडी हाणली. सायलेन्सर दोनदा गळून पडला, एकदा बॅटरीची पेटी सुटली. जे सुटायचं ते सणसरमध्येच सुटलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये निघालो. पावसाळा सरत आलेला असतो, ओढ्यांचं पाणी उतरतं आणि बर्फ अजून लांब असतं. गाडीत मी, दादा आणि आई. धुळे, इंदूर, कोटा, जयपूर. दिल्लीत पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीला बंदी, म्हणून सीकर, हिसार, अंबाला असा वळसा. ताशी साठ किलोमीटर, दुपारी अकरा ते चार झाडाखाली. या भागाबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही, आईच्या दशम्या इंदूरपर्यंत पुरल्या एवढंच.

सिमल्यापुढे नारकंडा, रामपूर, मग रेकाँग पिओ. उंचीची सवय व्हावी म्हणून प्रत्येक टप्प्यावर थांबत गेलो. पिओपुढे सतलजच्या दरीत रस्ता कड्याच्या पोटातून कोरलेला आहे, डोक्यावर खडक आणि डाव्या-उजव्या बाजूला कठडा असेलच असं नाही. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून वर नाकोपर्यंत वळणांवर वळणं. दर हजार मीटर उंचीला इंजिनाची ताकद सुमारे दहा टक्के कमी होते. आमच्याकडे मुळात जेमतेम ४० अश्वशक्ती, म्हणजे ३,७०० मीटरवर उरल्या पंचवीस. हवा विरळ झाली की कार्बोरेटर पेट्रोल जास्त आणि हवा कमी देतो, गाडी काळा धूर सोडते. दादांनी नाकोला बॉनेट उघडलं आणि खिशातून लहान भोकाचा जेट काढला. तो त्यांनी घरूनच लेथवाल्याकडून करून आणला होता, मला पत्ता नव्हता. दहा मिनिटांत बसवला. माझा बोर्ड जे सांगणार होता ते त्यांनी धुराच्या रंगावरून ओळखलं. ब्रेक बूस्टरचंही तसंच. तो बाहेरच्या हवेच्या दाबावर काम करतो, वर दाबच कमी, त्यामुळे पाय जास्त जोरात द्यावा लागतो. उतारावर सेकंड गिअर आणि घाई नाही, बस.

ताबोचा मठ पाहिला. इसवी सन ९९६ मधला, बाहेरून साधी मातीची भिंत आणि आत हजार वर्षांची चित्रं. आई तिथे तास-दीड तास नुसती बसून राहिली. तिथून काझा, सुमारे ३,७०० मीटर. पुढे लोसर आणि मग कुंझुम, साडेचार हजारांच्या वर. गाडीची सगळी तयारी त्या खिंडीसाठी होती.

काझाच्या दुसऱ्या रात्री दादांना खोकला सुरू झाला. सकाळी बसल्या जागी धाप. दवाखान्यात नेलं, बोटाला यंत्र लावलं, आकडा ७२. डॉक्टर तरुण होत्या. ऑक्सिजन लावून त्यांनी स्पष्ट सांगितलं की फुफ्फुसात पाणी धरायला लागलंय, औषध देते पण खरं औषध खाली उतरणं, आणि आजच. खाली जायला दोन वाटा. कुंझुमवरून मनाली, पण आधी आठशे मीटर आणखी चढायचं, ते शक्यच नाही. दुसरी आलो तीच, पिओपर्यंत सुमारे २०० किलोमीटर. त्यातही ताबोला उतरून नाकोला पुन्हा जवळजवळ काझाइतकं चढावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, “गाडी आहे?” मी काही बोलण्याआधी दादांनी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, “आहे.”

दुपारी दोनला निघालो. मागच्या सीटवर दादा, मांडीशी सिलिंडर, शेजारी आई. पहिल्या तासात मी गाडीचं काही ऐकलंच नाही, कान सगळे मागे होते. सुमडोपुढे दरड साफ करायचं काम चालू होतं, तिथे दीड तास गेला. नाकोच्या चढाला अंधार पडला. फर्स्ट गिअर, ताशी दहा किलोमीटर, रस्त्यावर पाणी आणि गोटे. तेव्हा आई म्हणाली, “दिवे चांगले आहेत गं.” दिवे चांगलेच होते, इतक्या हळू चालत असूनही एकदा मंद झाले नाहीत. मागून मास्कच्या आतून आवाज आला, “डायनॅमो डिकीत आहे ना?” मी म्हटलं, आहे. मग ते झोपले. ते झोपले की शुद्ध हरपली हे आई दर पाच मिनिटांनी तपासत होती.

खाबच्या खाली आल्यावर त्यांची धाप कमी झाली. औषधापेक्षा हवेचा फरक पडतो हे मी स्वतः पाहिलं. रात्री साडेबाराला पिओच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा आकडा ८८ होता. चार दिवस तिथे राहिलो. पाचव्या दिवशी दादा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाडीचे पाटे समजावून सांगत होते.

कुंझुम राहिली. तिकडून येताना कुणी फोटो दाखवले की ते बघतात आणि “रस्ता काय फार वाईट दिसत नाही” असं म्हणतात. डॉक्टरांनी आता उंचीवर जायला कायमची मनाई केली आहे. मला विचाराल तर त्यांच्याशिवाय मी जाणार नाही, पण हा वाद घरात अजून मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, गाडीने काय गुन्हा केला?

परत आल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी अल्टरनेटर काढून जुना डायनॅमो बसवला. दोन तास लागले, अटीप्रमाणे एका दिवसाच्या आत. आठवडाभर तसाच चालवला. मग एका संध्याकाळी कालव्याकडून अंधारात घरी आले, काही न बोलता पाने घेतले आणि अल्टरनेटर पुन्हा लावला.

सरांनी मघाशी विचारलं की गाडीत बसता येईल का. बाहेर लिंबाखाली उभी आहे, किल्ली दादांकडे आहे, तेही तिथेच आहेत. चालवायची असेल त्याने स्टिअरिंगवरचा गिअर आधी त्यांच्याकडून समजून घ्या. आणि सेल्फ मारताना चोक अर्ध्याच्या वर ओढू नका, पेट्रोल वर येतं आणि मग धक्का मारावा लागतो.