पंपाच्या पेटीतील सर्किट : व्होल्टेज पाहावे की प्रवाह?



भोर-वेल्हे भागात नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदीच्या काठाने आपले पंप आहेत. चालू मोटारीचा एक फेज गेला तरी ती फिरत राहते. मात्र उरलेल्या दोन फेजमधील प्रवाह साधारण पावणेदोन पट होतो आणि वाइंडिंग जळते. म्हणून हौसेने सर्किट जुळवणारी आपली मुले सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर घरीच बनवतात. त्यांच्यात एक वाद हमखास रंगतो. तो आपणही समजून घ्यावा, कारण सर्किट त्यांचे असले तरी मोटार आपली आहे.

एक पक्ष म्हणतो, तिन्ही फेजचे व्होल्टेज पाहा, गेले की रिले पडेल. काम सोपे, खर्च कमी. दुसरा पक्ष म्हणतो, फिरणारी मोटार गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते. साधा रिले त्याला फसतो आणि धरून राहतो. हे म्हणणे खरे आहे. तिन्ही फेजमधील असमतोल ओळखणारे सर्किट बरेचसे फसत नाही. पण स्टार्टरच्या पुढे, मोटारीकडे जाणारी वायर तुटली तर पेटीतले व्होल्टेज पूर्ण असते. तेही गाफील राहते. मोटारीच्या वायरीवर सीटी बसवून प्रवाह पाहिला तर ही चूक सापडते.

प्रवाहवाल्यांची अडचण अशी, की मोटारीला वीज दिल्याखेरीज त्यांना काही कळत नाही. फेज नसताना मोटार जागीच हुं करते, दोन-चार सेकंदांनी सर्किट तोडते. एकदा हे चालते. पण सोबत ऑटोस्विच असेल तर तो पुन्हा पुन्हा सुरू करायला जाईल. म्हणून एकदा तोडल्यावर हाताने बटण दाबेपर्यंत सर्किट बंदच राहिले पाहिजे. एकच परवडत असेल तर माझे मत प्रवाहाच्या बाजूने.

रिलेचा संपर्क स्टार्टरच्या कॉइलबरोबर सिरीजमध्ये असा घ्यावा, की सर्किटची वीज गेली किंवा रिलेची कॉइल जळाली तर पंप बंद पडेल. उलट जोडणी केली तर सर्किट मेल्याचे मोटार जळाल्यावरच कळते.

काही जण ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचवून कॅपॅसिटरवर सर्किट चालवतात. त्यात प्रत्येक भाग थेट लाइनवर असतो. नदीकाठी ओल्या हाताने बटण दाबणाऱ्यासाठी हे जिवावरचे आहे. असे सर्किट फुकट मिळाले तरी घेऊ नये.

मुलांना हे नीट शिकायचे असेल तर आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे; तेथे २००२ पासून फॅब लॅबही आहे.

चाचणी परवानाधारक वायरमनकडूनच घ्यावी. मेन स्विच बंद करून मोटारीकडची एक वायर सोडावी, तिचे टोक टेपने झाकावे, मग पंप सुरू करावा. मोटार हुं करत राहिली आणि पाच सेकंदांत स्टार्टर सुटला नाही, तर मेन स्विच ताबडतोब पाडावा आणि पेटी बनवणाऱ्याकडे परत द्यावी.