निपाणीची वखार आणि बेंगळूरचा कॅमेरा



पुण्याहून निघणारा बेंगळूरचा हमरस्ता सातारा, कोल्हापूर मागे टाकतो आणि राज्याची सीमा ओलांडताच निपाणीला येऊन पोहोचतो. पुढे बेळगाव, धारवाड, हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकूर आणि मग बेंगळूर. शहाजीराजांची जहागीर म्हणून मराठी माणसाला बेंगळूरचे नाव परके नाही. परंतु त्या नावाशी निगडित असलेली आपली स्मृती बहुधा तेथेच थांबते. आज मी आपणांस याच रस्त्यावर घडलेली एक अलीकडची हकीकत सांगणार आहे. बेंगळूरात स्थापन झालेल्या चार माणसांच्या एका लहानशा चित्रपटमंडळीने आपले पहिले दोन्ही अनुबोधपट मराठी भाषेत केले. त्यांतला एक पुण्यात आणि दुसरा निपाणीत. या मंडळीचे नाव ‘युगान्तर’, स्थापनेचे वर्ष १९८०, आणि या चौघांपैकी दिग्दर्शनाची धुरा वाहणाऱ्या बाईंचे नाव श्रीमती दीपा धनराज. उरलेल्या तिघांत आभा भैया आणि मीरा राव या दोन स्त्रिया होत्या, आणि चौथे नवरोझ काँट्रॅक्टर हे छायालेखक होते.

अनुबोधपट हा शब्द उच्चारताच आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे मी ओळखून आहे. मुख्य चित्रपटाच्या आधी दाखविले जाणारे ते सक्तीचे वार्तापट, ती धरणे, ती भाताची रोपे आणि त्या सर्वांवर पसरलेला निवेदकाचा तो भारदस्त स्वर. १९४८ साली मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने हे दालन कित्येक वर्षे सांभाळले, आणि त्यात उत्तम कामही झाले. परंतु पडद्यावर जो शेतकरी दिसे तो बोलत नसे; त्याच्या वतीने निवेदक बोले. आम्ही मुले तर तेवढा वेळ बाहेर शेंगा खात उभी राहत असू, हे आता कबूल करण्यास हरकत नाही.

वास्तविक या कलेचा आपल्याकडील आरंभ मराठी माणसानेच केला. सावेदादा म्हणजेच हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण केले. पण कुस्तीगीर असोत वा रँग्लर असोत, त्या मुक्या पडद्यावर त्यांना वाचा नव्हती. पुढे पडद्याला वाचा फुटली, पण ती ज्याचे चित्र घेतले त्याच्या वाट्याला आली नाही. दीपाबाईंच्या चाळीस वर्षांच्या कामाकडे मी या दृष्टीने पाहतो. ज्याचे चित्र त्याचीच वाचा, हा त्यांचा हट्ट आहे. ऐकावयास हे फार सोपे वाटते. करावयास किती कठीण, ते निपाणीच्या उदाहरणावरून दिसेल.

परंतु आधी पुण्याकडे वळू. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला. भांडी, धुणे, केरवारा ही कामे ज्यांच्या हातांवर चालतात, त्या हातांनी एके दिवशी काम थांबविले, तेव्हा आपल्या पांढरपेशा वस्तीत केवढी तारांबळ उडाली असेल याची कल्पना श्रोत्यांनी आपापल्या स्वयंपाकघरातून करावी. या चळवळीतून ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’ उभी राहिली. येथे त्या शब्दाविषयी थोडे बोलणे मला आवश्यक वाटते. मोलकरीण म्हणजे मोल घेऊन काम करणारी. शब्द मुळात सरळ आहे, त्यात कमीपणा नाही. कमीपणा आला तो आपल्या उच्चारातून. आजकाल आपण संकोचून ‘कामवाली मावशी’ म्हणतो, आणि मावशीला पगारी रजा देण्याचा प्रश्न निघाला की नाते विसरतो. या स्त्रियांनी मात्र तोच शब्द उचलून आपल्या संघटनेच्या नावात बसविला. दीपाबाईंच्या १९८१ च्या अनुबोधपटाचे नावही तेच, ‘मोलकरीण’. सुमारे पंचवीस मिनिटांचा हा पट, कृष्णधवल. या स्त्रिया कशा एकत्र आल्या आणि संघटना कशी बांधली गेली, ते त्यांच्याच तोंडून येते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. म्हणजे संपानंतर अठ्ठावीस वर्षांनी.

आता निपाणी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, आणि त्याचा सल आपल्या मनात अजून आहे. सीमाप्रश्नाच्या सभांतून निपाणीचे नाव आपण असंख्य वेळा ऐकले. पण तेथील वखारीत कोण काम करते, हे त्या सभांतून फारसे ऐकू येत नसे. विडीचा तंबाखू हे या मुलखाचे पीक. शेतकऱ्याने तो पिकवावा, व्यापाऱ्याने घ्यावा आणि वखारीत तो झोडपून, चाळून, निवडून विडीजोगा करावा, असा हा व्यवहार. झोडपण्याचे आणि चाळण्याचे काम स्त्रियांचे. तंबाखूची भुकटी नाकातोंडात जाते, डोळे चुरचुरतात, खोकला जडतो. १९८१ च्या एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी याच हमरस्त्यावर ठाण मांडले आणि पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. ते आंदोलन महाराष्ट्राच्या स्मरणात राहिले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच गावात, त्याच तंबाखूभोवती, सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने वखारीतल्या स्त्रियांची जी संघटना उभी राहत होती, तिची आठवण किती जणांना आहे? अनिल अवचटांनी या स्त्रियांविषयी मराठीत कळकळीने लिहिले. चित्रपटाच्या माध्यमातून त्यांच्यापाशी गेली ती बेंगळूरची मंडळी.

आणि ही मंडळी गेली ती कॅमेरा खांद्यावर घेऊन दोन दिवसांत परतण्यासाठी नव्हे. सुमारे चार महिने त्या स्त्रियांच्या सहवासात हे काम झाले. यामागे तत्त्व होतेच, पण माझ्या मते एक अगदी व्यावहारिक कारणही असले पाहिजे. त्या काळी असे पट सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर घेतले जात. चारशे फुटांचे एक रीळ कॅमेऱ्यात बसविले की ते अकरा मिनिटांत संपे. आजच्यासारखे दिवसभर चित्रण करीत सुटावे आणि मग निवडावे, ही चैन नव्हती. प्रत्येक फुटाला पैसे पडत, आणि पैसे तर नव्हतेच. तेव्हा आधी पुष्कळ ऐकावयाचे, काय दाखवावे हे त्या स्त्रियांशी बसून ठरवावयाचे, आणि मग थोडेसेच चित्रित करावयाचे. गरिबीने या मंडळीला ऐकावयास शिकविले, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही. पूर्वी ज्या वखारींच्या आत कॅमेरा शिरला नव्हता, तेथील काम या पटात दिसते. तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या संपाकडे जाणारी पावले दिसतात. काही प्रसंग घडत असताना टिपलेले, तर काही स्त्रियांनी स्वतः पुन्हा उभे करून दाखविलेले.

येथे एखादा चोखंदळ श्रोता विचारील की, पुन्हा उभा केलेला प्रसंग खरा कसा मानावयाचा? प्रश्न रास्त आहे, आणि मीही तो स्वतःला विचारला. वर्तमानपत्राच्या बातमीला जी कसोटी लावतो ती येथे लावली, तर असा प्रसंग बाद ठरेल. पण न्यायालयात साक्षीदार जेव्हा हात वर करून ‘त्याने असा दंडा उगारला’ असे दाखवितो, तेव्हा आपण त्याला नाटकी म्हणत नाही. ती साक्षच असते. प्रसंग कोणी उभा केला, यावर सारे अवलंबून आहे. दिग्दर्शकाने बाईला उभे केले तर ते नाटक. बाईने दिग्दर्शकाला ‘येथे उभी राहा आणि हे बघ’ म्हटले तर ती साक्ष. उणीव काढावयाचीच तर मी वेगळी काढीन. संघटनेसाठी, संघटनेबरोबर केलेल्या या पटांत तिच्यातील आपसांतल्या कुरबुरी फारशा येत नाहीत, आणि मालकपक्षाचा माणूस बोलता झाला असता तर एखादे वेळी त्याच्याच शब्दांनी तो अधिक उघडा पडला असता. पुढच्या कामात दीपाबाईंनी हे नेमके ओळखले, असे मला दिसते.

या पटाचे नाव ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. साल १९८२. रचून ठेवलेला तंबाखू आतल्या आत तापत जातो, हे त्या धंद्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. वरून थंड दिसते. हात आत घातला की कळते. मी त्या नावाचा अर्थ असा लावतो, आणि मराठी अनुबोधपटाला इतके अस्सल नाव क्वचितच मिळाले असेल.

१९८३ साली ‘युगान्तर’ने आणखी दोन पट केले. एक तेलुगूत, ‘इदि कथा मात्रमेना’, म्हणजे ही केवळ गोष्टच आहे का? हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या स्त्रियांबरोबर घरातल्या मारहाणीविषयी केलेला. दुसरा हिंदीत, चिपको आंदोलनातील सुदेशा देवींविषयी. त्यानंतर ही मंडळी पांगली, पण दीपाबाई आणि नवरोझ काँट्रॅक्टर या दांपत्याचे काम चालूच राहिले. १९८४ च्या हैदराबादच्या दंगलींवरचा ‘क्या हुआ इस शहर को?’ हा १९८६ चा पट पाहावा. त्यात मिरवणुका आहेत, पुढाऱ्यांची भाषणे आहेत, आणि संचारबंदीत रोजगार बुडालेली गल्लीबोळांतली माणसेही आहेत. पुढारी पडद्यावर मनसोक्त बोलतात. त्यांच्यावर टीका करण्याची दिग्दर्शिकेला गरजच पडत नाही.

हीच रीत १९९१ च्या ‘समथिंग लाइक अ वॉर’ या पटात अधिक धारदार झाली. हा पट ब्रिटनच्या दूरचित्रवाणीच्या साहाय्याने झाला, आणि जगभर गेला. विषय आपल्या कुटुंबनियोजनाचा. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्याचा संताप मतपेटीतून प्रकट झाल्यावर खात्याच्या नावातले ‘नियोजन’ जाऊन तेथे ‘कल्याण’ आले, आणि पुरुष निसटले. पुढचा सारा भार स्त्रियांच्या शरीरावर पडला. या पटात एक शल्यचिकित्सक आपण एक शस्त्रक्रिया किती थोड्या वेळात उरकतो ते अभिमानाने सांगतो. दुसरीकडे खेड्यातल्या स्त्रिया गोल करून बसतात, स्त्रीदेहाची आकृती काढतात आणि त्या देहाविषयी, इच्छेविषयी, मुलांविषयी मोकळेपणाने बोलतात. ज्या स्त्रियांना सरकारी तक्त्यात ‘केस’ म्हटले जाते, त्या किती जाणत्या आहेत हे ऐकताना सुशिक्षित प्रेक्षक खाली मान घालतो.

मधल्या कामांची केवळ नावे घेतो. गुजरात आणि उत्तर प्रदेशातील स्त्रियांच्या न्यायपंचायतींवरचा ‘नारी अदालत’, आणि हैदराबादचे नागरी हक्कांचे वकील के. जी. कन्नबिरन यांच्यावरचा ‘दि अॅडव्होकेट’. २०११ च्या ‘इन्व्होकिंग जस्टिस’विषयी मात्र दोन शब्द हवेत. तमिळनाडूत मशिदीच्या जमातीपुढे स्त्रियांचे कज्जे चालत, पण स्त्रीला तेथे बसता येत नसे. तेव्हा दाऊद शरीफा खानम यांच्या पुढाकाराने २००४ साली स्त्रियांनी आपलीच जमात स्थापिली. त्या जमातीचे कामकाज या पटात आहे. स्त्रिया भांडतात, पुरावा मागतात, पोलीसठाण्यावर जातात. निपाणीपासून निघालेली वाट येथवर आलेली स्पष्ट दिसते. पुढे हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या जानेवारी २०१६ मधील मृत्यूनंतर उसळलेल्या आंदोलनावर दीपाबाईंनी ‘वी हॅव नॉट कम हिअर टू डाय’ हा पट २०१८ साली पुरा केला. तेव्हा कॅमेरा तळहाताएवढा झाला होता आणि रीळ इतिहासजमा झाले होते.

रिळांवरून आठवले. ‘युगान्तर’चे हे पट, त्यांत आपले दोन मराठीही आले, जपून आणि दुरुस्त करून नव्या तंत्रात उतरविण्याचे काम बर्लिनच्या आर्सेनल या चित्रपटसंस्थेने केले. निपाणीच्या वखारीतल्या बायांचे बोलणे पुन्हा स्वच्छ ऐकू यावे म्हणून जर्मनीत माणसे खपली, याचा आनंद मानावा की आपल्याकडे हे का झाले नाही म्हणून खंत करावी, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

नवरोझ काँट्रॅक्टर यांनी मणी कौल यांच्या ‘दुविधा’ या १९७३ च्या चित्रपटाचे छायालेखन केले होते, हे जाणकारांना ठाऊक आहे. मोटारसायकलचे त्यांना विलक्षण वेड. जून २०२३ मध्ये, बेंगळूरजवळ, मोटारसायकलच्याच अपघातात ते गेले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच केरळच्या आंतरराष्ट्रीय अनुबोधपट आणि लघुपट महोत्सवात दीपाबाईंना जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. ज्या डोळ्यांनी ‘मोलकरीण’पासून त्यांचे पट पाहिले आणि टिपले, ते डोळे त्या समारंभाला नव्हते.

निपाणीवरून जाणारा हमरस्ता आता रुंद झाला आहे. गाड्या गावाबाहेरून भरधाव निघून जातात, आणि वखारी रस्त्यावरून दिसत नाहीत.