गतविजेत्यांचा पहिला सामना

आज एका शाळेच्या पराभवाबद्दल बोलायचं आहे. शाळा अमेरिकेतली, खेळ तिथला फुटबॉल, आणि हरण्याआधी ही शाळा सलग बारा हंगाम एकही सामना हरली नव्हती. १५१ सामने, १५१ विजय. मधे एखादी बरोबरीसुद्धा नाही. मग ४ सप्टेंबर २००४ रोजी, नव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, सिॲटल शहरात त्यांना बेलव्ह्यू नावाच्या शाळेनं ३९–२० असं हरवलं.

हरलेल्या शाळेचं नाव डे ला साल. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, पूर्वेला काँकॉर्ड म्हणून गाव आहे. तिथली ही फक्त मुलग्यांची कॅथलिक शाळा, १९६५ साली निघालेली. १९७९ मध्ये बॉब लॅडुसर नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण तिथं फुटबॉल शिकवायला आला, तोवर या शाळेनं हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकलेत असा एकही हंगाम पाहिला नव्हता. हा माणूस शाळेत धर्मशिक्षणाचा तासही घ्यायचा. आरडाओरडा करणारा, शिट्ट्या फुंकणारा प्रशिक्षक डोळ्यांसमोर आणू नका. तो मितभाषी होता.

आधी खेळाबद्दल थोडं सांगतो. आपण फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. चेंडू लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही सरकले तर चेंडू समोरच्यांकडे जातो. शाळांच्या सामन्यात बारा-बारा मिनिटांचे चार भाग असतात. आज एवढ्यावर भागेल.

अंगावर इतका मार बसतो की आठवड्याला एकच सामना खेळता येतो. तोही बहुधा शुक्रवारी रात्री, प्रकाशझोतात. बाद फेरीच्या आधी असे दहाच्या आसपास सामने. म्हणजे ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला जो पहिला सामना होतो, त्याच्यासाठी मुलांनी अख्खा उन्हाळा घाम गाळलेला असतो. वजनं उचलायची, पळायचं, उन्हात सराव करायचा, आणि तरी आपण नक्की किती पाण्यात आहोत हे कुणालाच ठाऊक नाही. क्रिकेटमध्ये पहिली कसोटी हरलो तर मालिकेत अजून चार बाकी आहेत म्हणता येतं. इथे पहिला सामना गेला की ‘अपराजित’ हा शब्द त्या वर्षापुरता संपला.

आता गतविजेते ही काय चीज आहे ते पाहा. व्यावसायिक संघानं विजेतेपद मिळवलं तर पुढच्या वर्षी साधारण तीच मंडळी पुन्हा उतरतात. शाळेचं तसं नसतं. अमेरिकेतली हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. करंडक उचलणारी बारावीची मुलं जूनमध्ये निरोप घेऊन निघून जातात, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्याच क्रमांकाच्या जर्सी घालून वेगळी पोरं मैदानात उभी राहतात. आपल्याकडे दहीहंडीच्या पथकाचं असंच होतं. थरांचा विक्रम मंडळाच्या टी-शर्टावर छापलेला असतो, पण हंडी फोडणारं सर्वांत वरचं पोरगं दोन-तीन वर्षांत जड होतं आणि त्याच्या जागी दुसरं शोधावं लागतं. नव्या पोराला वर चढताना खालचे सगळे जुनाच विक्रम ऐकवत असतात.

डे ला सालच्या बाबतीत हिशेब करून पाहा. विजयांची मालिका सुरू झाली १९९२ मध्ये. २००४ साली बारावीत असलेली मुलं तेव्हा फार तर बालवाडीत असतील. १५१ विजयांपैकी बहुतेक ती या शाळेत येण्याआधीचेच. त्याआधीचा विक्रम मिशिगनमधल्या हडसन या छोट्या गावच्या शाळेचा होता, ७२ सामन्यांचा, १९६८ ते १९७५ दरम्यानचा. डे ला सालनं तो १९९७ मध्येच मोडला होता आणि नंतर त्याहूनही थोडे जास्त सामने आणखी जिंकले होते.

मग दरवर्षी नवी पोरं येऊनही हे जमत कसं होतं? लोक म्हणतात, खासगी शाळा आहे, हवी ती मुलं निवडून घेतात. या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. गावातली सरकारी शाळा आपल्या हद्दीतल्या मुलांवर संघ बांधते, खासगी शाळेला तशी हद्द नसते. पण तशा खासगी शाळा अमेरिकेत ढीगभर आहेत आणि त्या काही बारा वर्षं अजिंक्य राहत नाहीत.

लॅडुसरच्या संघात एक रीत होती. प्रत्येक मुलगा दर आठवड्याला एका छोट्या कार्डावर लिहायचा की या आठवड्यात व्यायामात मी काय करीन, सरावात काय करीन, आणि सामन्यात काय करीन. ‘मन लावून खेळेन’ असलं काही चालत नसे. मोजता येईल असं लिहायचं. मग सामन्याआधी कुणा खेळाडूच्या घरी सगळ्यांचं एकत्र जेवण व्हायचं आणि प्रत्येक जण उभा राहून ते कार्ड आपल्या एका सोबत्याच्या हाती द्यायचा. पुढच्या आठवड्यात जाब विचारायचा हक्क त्या सोबत्याचा. सतरा वर्षांची धिप्पाड पोरं त्या जेवणात मोकळेपणानं रडत. सामन्याच्या दिवशी मैदानात येत ती दोन-दोनच्या जोडीनं, एकमेकांचा हात धरून. पहिल्यांदा पाहणारे प्रतिस्पर्धी हसायचे म्हणे. हसू फार वेळ टिकत नसे.

एवढं यश मिळालं की वेगळीच अडचण येते. जवळपासच्या शाळा तुमच्याशी खेळायलाच तयार होत नाहीत. हरण्यासाठी कोण येणार? मग डे ला साल लांब लांब जाऊन खेळू लागली. २००१ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच पॉलीशी गाठ पडली. देशातल्या क्रमवारीतला पहिला आणि दुसरा संघ समोरासमोर. डे ला साल २९–१५ नं जिंकली. मला मात्र शाळकरी मुलांची अशी देशभराची क्रमवारी लावण्याचा उद्योग कधीच पटलेला नाही. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियात तेव्हा राज्य पातळीवरचा अंतिम सामनासुद्धा नव्हता. तो २००६ मध्ये पुन्हा सुरू झाला. राज्याचा विजेता ठरत नव्हता आणि वर्तमानपत्रं देशाचा विजेता ठरवून मोकळी होत होती.

२००४ च्या हंगामाची सुरुवात अशीच लांब, वॉशिंग्टन राज्यात ठरली. बेलव्ह्यू हे नाव आपल्याकडच्या बऱ्याच घरांना परिचयाचं असेल. मायक्रोसॉफ्टचं रेडमंड शेजारीच आहे, आणि पुण्या-मुंबईची कितीतरी मुलं त्या भागात संसार थाटून आहेत. बेलव्ह्यू हायस्कूलचा संघही गतविजेताच होता. २००१, २००२, २००३ अशी लागोपाठ तीन वर्षं राज्याचं विजेतेपद, पण ते सर्वांत मोठ्या शाळांच्या गटातलं नव्हे, त्याखालच्या गटातलं. त्यामुळे कॅलिफोर्नियात या संघाला फारसं कुणी मनावर घेतलेलं नव्हतं.

काँकॉर्डला त्या ऑगस्टमध्ये खेळाचं भानच नव्हतं. आदल्या हंगामातला, नुकताच शाळेतून बाहेर पडलेला एक खेळाडू ऑरेगन विद्यापीठात शिष्यवृत्तीवर खेळायला निघण्याच्या बेतात होता. १२ ऑगस्टच्या रात्री रिचमंड शहरात त्याचा गोळ्या घालून खून झाला. संघातल्या मुलांचा तो कालपरवापर्यंतचा सोबती. सरावाच्या दिवसांत ही मुलं अंत्यसंस्काराला गेली. पराभवाचं कारण म्हणून हे सांगणं मला बरं वाटत नाही. लॅडुसरनंही त्याचा आडोसा घेतला नाही. पण त्या हंगामाची गोष्ट सांगताना हे वगळणंही बरं नाही.

सामना ठेवला होता क्वेस्ट फील्डवर, म्हणजे सीहॉक्स या व्यावसायिक संघाच्या घरच्या मैदानावर. सदुसष्ट हजारांच्या आसपास आसनं असलेलं स्टेडियम. प्रेक्षक आले पंचवीस हजारांच्या घरात. शाळेच्या सामन्याला, तेही हंगामातल्या पहिल्या!

बेलव्ह्यूकडे एक जुनी युक्ती होती. तिला ‘विंग-टी’ म्हणतात. मोठमोठे संघ चेंडू लांब फेकण्याच्या मागे लागले तेव्हा ही पद्धत बरीच मागे पडली होती. ती अशी. मधला खेळाडू वाकून पायांतून चेंडू मागे देतो. तो घेणारा क्वार्टरबॅक लगेच समोरच्यांकडे पाठ करतो, म्हणजे चेंडू दिसेनासाच होतो. त्याच्या अगदी जवळून एकामागून एक तीन गडी वेगवेगळ्या दिशांना सुसाट सुटतात. तिघंही पोटावर हात दुमडून, खांदे झुकवून, चेंडू आपल्याच कुशीत असल्यासारखे. खरोखर तो एकाच्याच कुशीत असतो. कधी तर क्वार्टरबॅकनंच मांडीआड दडवलेला असतो. वर पुढच्या फळीतला एखादा धिप्पाड गडी आपली जागा सोडून आडवा धावतो, खेळ तिकडेच चाललाय असं भासवत. आता बचाव करणाऱ्या मुलाला ठरवायला वेळ किती? एक श्वास, फार तर. तो चुकीच्या गड्यावर झेपावला की मागे मैदान मोकळं.

यावर उपाय आहे. चेंडूकडे बघायचंच नाही. प्रत्येकानं समोरच्या ठरलेल्या गड्याच्या हालचाली वाचायच्या आणि आपली जागा सोडायची नाही. फळ्यावर हे पाच मिनिटांत शिकवता येतं. पण सरावात राखीव मुलं ही युक्ती निम्म्याच वेगानं करून दाखवू शकतात. ज्यांच्या अंगात ती कित्येक वर्षं भिनली आहे, त्यांचा वेग कुठून आणणार? हंगामातला पाचवा-सहावा सामना असता तर डे ला सालच्या नव्या बचावफळीच्या गाठीला थोडा अनुभव असता. इथे बऱ्याच जणांची पहिल्या फळीतली ही पहिलीच रात्र. मला विचाराल तर सामना तिथंच गेला. बेलव्ह्यूला ही तारीख कितीतरी आधीपासून ठाऊक होती, समोरच्यांच्या खेळाचं चित्रण पाहायला हवं तेवढं होतं, आणि गमवायला काहीच नव्हतं.

बेलव्ह्यूचे गडी सामनाभर चेंडू घेऊन पळत राहिले. फेकाफेकीच्या भानगडीत ते जवळजवळ पडलेच नाहीत. डे ला सालचे गडी पकडायला जात तेव्हा कुशीत काहीच नसायचं. घसरून किंवा दैव आड येऊन गेलेला हा सामना नव्हता. एकोणीस गुणांचा फरक दैवानं पडत नाही.

दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झळकली की मालिका तुटली. शाळेच्या दृष्टीनं ते खरंच आहे. पण त्या मुलांकडे पाहा. नववी-दहावीत मोठ्यांना खेळताना पाहिलं, अकरावीत अधूनमधून मैदानात उतरायला मिळालं, आणि अखेर हक्काची जागा मिळाली त्या पहिल्याच संध्याकाळी ‘ज्यांनी मालिका घालवली ती मुलं’ हा शिक्का बसला. आदल्या वर्षी शेवटच्या सामन्यापर्यंत जिंकत गेलेल्यांचं श्रेय यांना कुणी दिलं नव्हतं. अपयश मात्र पूर्ण त्यांच्या नावावर मांडलं. २०१४ मध्ये या मालिकेवर हॉलिवूडनं चित्रपट काढला, त्यामुळे ती मुलं तेव्हा तिशीकडे झुकलेली असतानाही लोकांनी त्यांना पुन्हा तेच विचारलं असणार.

बेलव्ह्यूनं पुढे स्वतःची विजयमालिका उभी केली. ती ६७ सामन्यांवर गेली आणि २०१४ च्या हंगामाच्या तोंडावरच टेक्सासमधल्या युलेस गावच्या ट्रिनिटी हायस्कूलनं ती तोडली. दोन वर्षांनी बेलव्ह्यूच्या संघाची चौकशी झाली, बाहेरून खेळाडू आणण्याच्या भानगडी बाहेर आल्या आणि बाद फेऱ्यांतून खेळायला बंदी झाली. २००४ च्या त्या सामन्याशी त्याचा संबंध जोडायचं कारण नाही, पण सरकारी शाळा म्हणजे साधीभोळी आणि खासगी म्हणजे लबाड, असं ज्यांना वाटतं त्यांनी ऐकून ठेवावं.

आणि डे ला साल? आपल्या मुलखात, म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियात, ते १९९१ च्या डिसेंबरमध्ये पिट्सबर्ग हायस्कूलकडून हरले होते. त्यानंतर त्या भागातल्या संघाकडून पुन्हा हरले ते थेट सप्टेंबर २०२१ मध्ये, सेंट फ्रान्सिसविरुद्ध, ३१–२८ असे. मधे ३१८ सामने. सिॲटलच्या त्या रात्रीनं यात काहीच फरक पडला नव्हता.

लॅडुसर २०१२ चा हंगाम संपवून निवृत्त झाले. नोंद अशी: ३९९ विजय, २५ पराभव, ३ बरोबरी. पुढच्या हंगामाचा एकच सामना थांबले असते तर बहुधा चारशे झाले असते. त्यांच्याच हाताखाली खेळलेला, मग सहायक झालेला जस्टिन अलंबॉ त्यांच्या जागी आला, आणि ऑगस्टमध्ये नवी पोरं पुन्हा कार्डं लिहायला बसली.