नाकापेक्षा मोती जड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुमच्या नाकाविषयी बोला. नाहीतरी सगळ्या मागून तेच बोलतात!" म्हणून उभी राहिले आहे.

तीन वर्षांपूर्वी मोरीत घसरून माझे नाक मोडले. ते वाकडे झाले, श्वास अडू लागला, म्हणून शस्त्रक्रिया केली. पट्टी काढल्यावर वाटले, लग्नाच्या फोटोपेक्षाही नाक बरे दिसते! पण वर्षभरात सूज उतरली तसा शेंडा झुकला व डाव्या बाजूला, नेमका नथीच्या जागी, खळगा पडला. मी हळदीकुंकवाला जाणे सोडले. पुन्हा शस्त्रक्रिया करायचीच, असा हट्ट धरला.

डॉक्टरांनी समजावले. शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष, कधी अधिकही लागते. त्याआधी सहसा दुसऱ्यांदा हात लावत नाहीत. दुसऱ्या वेळी आत व्रण धरलेले असतात, म्हणून काम अवघड. पडद्यातले मऊ हाड पुरले नाही तर कानाचे किंवा बरगडीचे घ्यावे लागते. एवढे करून मनासारखे होईलच, ही हमी नाही. मग त्यांनी विचारले, "श्वास अडतो का?" म्हटले, "नाही." "मग काय अडते?" मला उत्तर देता येईना.

माझ्या मुलाने एक हकीकत वाचून दाखवली. कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले. पुण्याजवळ एका वीट पाडणाऱ्या जातीच्या माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक केले. 1794 साली लंडनच्या मासिकात ते चित्रासह छापून आले. ऐकून मनात आले, त्याला नाकच नव्हते. मला तर आहे!

भगिनींनो, जिचा श्वास अडतो तिने जरूर उपाय करावा. रूपासाठी करणारीलाही मी नाक मुरडणार नाही. फक्त वर्षभर थांबावे, दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे आणि आपले काय अडते ते आधी स्वतःला विचारावे.

माझा निर्णय अजून झालेला नाही. पण एका खळग्यापायी मी तुम्हां सगळ्यांना दुरावले, हे मात्र नाकापेक्षा मोती जड झाले. म्हणून आज नथ घालून आले आहे. खळगा दिसतो आहे. आता काय बोलायचे ते समोर बोला!