जितका बर्फ, तितकी मासळी



वसंतातल्या या ज्ञानसत्रात आपण वेदान्त ऐकलात, अर्थशास्त्र ऐकलेत. त्यांच्या पंक्तीला आम्ही मासळीची टोपली घेऊन बसलो याबद्दल शाकाहारी श्रोत्यांची प्रथम क्षमा मागतो. त्यांनी हे भाषण पदार्थविज्ञानाचे समजून ऐकावे. तसे ते बऱ्याच अंशी आहेच.

आता उन्हाळ्याची सुट्टी लागेल आणि आपल्यापैकी कित्येक जण रायगडच्या किनाऱ्यावर जातील. कोणी अलिबाग-रेवदंड्यास, कोणी मुरुडला, कोणी दिवेआगर-श्रीवर्धनला. काही हौशी मंडळी गळ घेऊन खडकावर बसतील, काही होडी ठरवून खाडीच्या तोंडाशी जातील. मासा लागला की आनंद होतो. पुढे मात्र प्रश्न उभा राहतो: ही मासळी घरापर्यंत न्यायची कशी? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, ‘मुक्कामावर पोचलो की फ्रीजमध्ये टाकू.’ हे उत्तर अपुरे का, एवढेच आज आम्हास सांगावयाचे आहे.

मासा मेला म्हणजे त्याच्या शरीरातील सर्व व्यापार थांबतात असे नव्हे. पोटातील पाचकरस आता त्याच्याच मांसावर चालू लागतात. कल्ल्यांत, कातडीवर आणि आतड्यांत असलेले जंतू मोकाट सुटतात. वैशाख महिन्यात होडीच्या फळीवर ३० अंशांहून अधिक उष्णता असते आणि जंतूंना याहून चांगली खानावळ मिळावयाची नाही. बांगडा, सुरमई, कुपा या माशांत तर उष्णतेने हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याने अंगावर चट्टे उठतात, डोके दुखते, उलट्या होतात. आणि ते एकदा झाले की शिजवूनही जात नाही, गोठवूनही जात नाही. म्हणजे सकाळी पकडलेली सुरमई दुपारपर्यंत उन्हात ठेवून संध्याकाळी फ्रीजमध्ये टाकली, तर फ्रीज फक्त बिघाडाचेच जतन करील. गेलेला ताजेपणा थंडीने परत येत नाही. म्हणून पहिला तास महत्त्वाचा.

दुसरा मुद्दा गोठवण्याचा. घरातल्या किंवा हॉटेलातल्या फ्रीजमध्ये चार किलो कोमट मासळी कोंबली की ती गोठावयास रात्र लागते. सावकाश गोठताना मांसातील पाण्याचे मोठे, टोकदार स्फटिक होतात आणि ते पेशी फाडतात. मग मासा वितळताना पाणी सुटते आणि तुकडी स्पंजासारखी लागते. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकन गृहस्थ १९१२ च्या सुमारास लॅब्राडॉरच्या थंडीत गेला. तेथील इन्युइट लोकांनी पकडलेला मासा वाऱ्यावर पाहता पाहता गोठे आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागे, हे त्याने पाहिले. पुढे १९२० नंतरच्या दशकात त्याने अतिथंड पत्र्यांमध्ये दाबून अन्न झटपट गोठवण्याची यंत्रे काढली. गोठवणे म्हणजे झटपट गोठवणे. तेही उणे १८ अंशांवर टिकवून. हे काम कारखान्याचे आहे, हॉटेलच्या फ्रीजचे नव्हे.

मग सुट्टीवरच्या माणसाने काय करावे? जे कोळी करतो ते करावे. बर्फ वापरावा.

बर्फाचा गुण असा की, तो वितळताना पुष्कळ उष्णता शोषतो. एक किलो बर्फ शून्य अंशावर वितळताना ८० किलोकॅलरी घेतो. एक किलो मासळी ३० अंशांवरून शून्यावर आणावयास साधारण २५ ते २७ किलोकॅलरी पुरतात. हिशेबाने किलोला पाव-तीन छटाक कमी-जास्त करीत अर्ध्या किलोच्या आतच बर्फ पुरावा. पण पेटीच्या भिंतींतून ऊन आत येतच असते, म्हणून आपल्या हवेत किलोस किलो हे प्रमाण धरावे. प्रवास लांबचा असेल तर त्याहून अधिक.

कृती सोपी आहे. मासा हाती येताच सावलीत घ्यावा. आतडी व कल्ले काढून पोट स्वच्छ धुवावे. लादी फोडून बर्फ बारीक करावा, कारण मोठे ढेकूळ माशाला एकाच जागी टेकते, चुरा सर्व बाजूंनी बिलगतो. थर्माकोलच्या पेटीत तळाशी बर्फ, मग मासळी, पुन्हा बर्फ, असे थर द्यावेत. वितळलेले घाण पाणी जाऊ द्यावे आणि वाटेत नवा बर्फ घालावा. बर्फही पाहून घ्यावा. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली झाला. तशी लादी मासळीस लावू नये. असे राखलेले पापलेट आठवडाभरही खाण्याजोगे राहू शकते. बोंबील मात्र पाण्याचाच गोळा, तो त्याच दिवशी खावा. आणि घरी गोठवायचेच असेल, तर बर्फात गार झालेल्या पातळ तुकड्या घट्ट गुंडाळून, थोड्या थोड्या, सपाट ठेवाव्यात.

१८३३ साली बोस्टनहून जहाजाने बर्फ कलकत्त्यास आला. पुढे तो मुंबईसही येऊ लागला, पण तो साहेबांच्या पेल्यात पडला, कोळ्याच्या होडीत नव्हे. बर्फ नव्हता तेव्हा किनाऱ्यावर उन्हाचा आणि मिठाचा आधार होता. सुके बोंबील आणि सोडे ही त्या काळाची शहाणी देणगी आजही आहे. पण ज्याला ताजी मासळी विकावयाची त्याला ती संध्याकाळपर्यंत मिळेल त्या भावाने देऊन टाकावी लागे. बर्फ हाती आला तेव्हा ‘उद्या विकीन’ म्हणण्याची ताकद हाती आली. म्हणून आजही तांडेल निघण्यापूर्वी डिझेल आणि शिधा यांच्याबरोबर बर्फाचा हिशेब करतो, आणि बर्फ सरत आला की जाळे कितीही भरत असले तरी बंदराकडे वळतो.

हा हिशेब आम्हा शहरवासीयांनी शिकण्यासारखा आहे. पेटीत पाच किलो बर्फ असेल तर पाच किलोंवर गळ गुंडाळावा. पुढचा मासा पकडला तर तो आपल्या ताटात यावयाचा नाही, उकिरड्यावर जावयाचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका किनाऱ्यावर थांबतात, ते समुद्राला विसावा मिळावा म्हणून. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते दोन महिने हात आवरतात. आपण हौसेखातर जाणाऱ्यांनी एक दुपार हात आवरणे जड नाही.