फिरता फिरता काम : क्वीन्सलँडचा किनारा

पदवीनंतर मित्रांसोबत पाठीवर पिशवी टाकून दूरदेश हिंडावा आणि खर्चापुरतं काम तिथंच करावं, असं अनेकांना वाटतं. ऑस्ट्रेलियात ही सोय २०२४ पासून भारतीय तरुणांनाही मिळाली आहे. १८ ते ३० वयोगटातल्या एक हजार जणांना दरवर्षी सोडतीनं ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा मिळतो. त्यावर वर्षभर राहून फिरता येतं, कामही करता येतं. मात्र नोंदणी प्रत्येकाची वेगळी असते. सगळ्या मित्रांचे नंबर एकाच वेळी लागतील असं नाही.

अशा कामासाठी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याचा किनारा पाहू. तिथं रॉकहॅम्प्टन शहराजवळून मकरवृत्त जातं. तिथून उत्तरेला केर्न्सपर्यंत उष्ण कटिबंधाचा किनारा. बोवेनला आंबा आणि टोमॅटोची तोडणी असते, तर टुली आणि इनिसफेलला केळीच्या बागा. केर्न्समध्ये हॉटेलांत आणि पर्यटकांच्या बोटींवर काम मिळतं. केळीचे जड घड उचलणं अंगमेहनतीचं असतं आणि टुली तर अतिपावसाचं गाव.

साधारण नोव्हेंबर ते मे या काळात समुद्रात विषारी जेलीफिश असतात. त्यामुळे जाळी लावलेल्या जागीच, अंगभर पोशाख घालून पोहावं. खाड्यांत मगरी असतात, तिथले इशारे पाळावेत.

तरुण मित्रांनो, काम धरण्याआधी मजुरीचा दर लेखी घ्या, पगाराची पावती मागा. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.